सतरा नंबरचे बारा फॉर्म

त्या रविवारी आई ओटीवर बसून टॅबच्या फाटलेल्या कव्हराला टाके घालत होती. जाड सुई, पांढरा दोरा, नाकावर घसरलेला चष्मा. आत तव्यावर सुकट टाकली होती आणि ती करपू न देण्याची जबाबदारी माझी होती. मी पुस्तक वाचत होते. सुकट करपली.

"एवढी पुस्तकं वाचलीस," आई सुई न थांबवता म्हणाली, "एकात तरी लिहिलं असेल ना, सुकट कधी उतरवायची ते."

शेजारची तानीमावशी हंडा घेऊन पाण्याला निघाली होती. ती कुडापाशी थांबली. "काय बुधीबाई, उद्या कोणाच्या चुली मोजायला?"

"तलासरीकडे. येतेस? तुझ्या जिभेला जरा काम मिळेल."

"नको गं बाय. तिकडं जमीन हलते."

"इथं काय बांधून ठेवलीय?" आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

नोव्हेंबरपासून आमच्या भागात भूकंपाचे धक्के बसत होते. आता फेब्रुवारी होता. आमच्या गंजाडला भांडी किणकिणायची, तलासरीकडे भिंतींना भेगा जात होत्या. मी दर शनिवारी मुंबईहून यायचे आणि आमच्या घराच्या भिंती हाताने चाचपून बघायचे. आई मला हसायची.

टाके झाल्यावर तिने टॅब कव्हरात घालून बघितला. मग विचारलं, "हे यंत्र मी कुठे बसलेय ते बघतं ना?"

"हो. प्रत्येक फॉर्मबरोबर जागेची नोंद होते."

"त्या घराची?"

"घराची नाही. तू जिथे बसून फॉर्म भरतेस तिथली."

तिने उरलेला दोरा दाताने तोडला. "म्हणजे लोक कुठे बसलेत ते तिकडे मुंबईत कोणाला तरी दिसणार. बरं झालं."

मी पान उलटलं आणि "हं" म्हटलं. तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

"उद्या एक घर राहिलंय," ती म्हणाली. "तुक्याचं. दोनदा गेले, दोन्ही वेळा नव्हता. तीनदा जायचं असतं."

संध्याकाळी मी मुंबईला परतले. सोमवारी सकाळी पिशवी खांद्याला लावून ती ओटीवरून उतरली आणि तिथेच पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात पोचण्याआधीच ती गेली. तानीमावशीने मला नंतर सांगितलं, पडतानाही तिने टॅबची पिशवी पोटाशी धरली होती.

आई सातवीपर्यंत शिकली होती. मी दहावीत असताना बाबा गेले. त्यानंतर ती चिकूच्या वाड्यांत मजुरीला जाऊ लागली. २०१४च्या हिवाळ्यात बाजाराची पाहणी करणारी एक कंपनी गंजाडला आली. कोणत्या घरात कोणता चहा पितात हे त्यांना हवं होतं. त्यांना पाडे ठाऊक नव्हते, म्हणून वाट दाखवायला त्यांनी आईला तीन दिवसांसाठी घेतलं. दोन दिवस ती मुकाट चालली. तिसऱ्या दिवशी एका ओटीवर साहेबांनी विचारलं, "हा चहा तुम्हाला आवडतो ना?" घरच्यांनी माना डोलावल्या, साहेबांनी कागदावर खूण केली, आणि आईला राहवलं नाही.

"साहेब, दारात आलेल्या पाहुण्याला नाही कोण म्हणेल?"

"मग काय विचारू?"

"आवडतो का, ते विचारूच नका. घरातला पुडा आणून दाखवायला सांगा."

तोवर तीस घरं झाली होती आणि कागदावर सव्वीस घरांत तो चहा आवडत होता. साहेब पुन्हा सगळीकडे फिरले. पुडा चार घरांत निघाला. पुढच्या महिन्यात कंपनीने आईला पाहणीच्या कामावर घेतलं आणि नंबर दिला, सतरा.

मी तेव्हा मुंबईत वसतिगृहात राहून संख्याशास्त्र शिकत होते. सुटीत घरी आले की आमचा अभ्यास एकच निघायचा. माझ्या पुस्तकात सूचक प्रश्न टाळावा असं लिहिलेलं असायचं. आई सांगायची, प्रश्नाला उतार नको. भाताच्या खाचराला एका बाजूला उतार राहिला की सगळं पाणी तिकडेच जातं. प्रश्नाचं तसंच.

नमुना निवडायचा कसा, यावर तर आमचं भांडण व्हायचं. पुस्तकातला नियम होता उजव्या हाताचा. गावातल्या ठळक खुणेपासून निघायचं, घरं उजव्या हाताला ठेवत चालायचं आणि दर पाचव्या घरी थांबायचं. आई म्हणाली, "हा नियम गल्ल्यांचा आहे. आपल्या पाड्यावर उजवा हात धरून चाललीस तर पाचव्या घराच्या आधी नाल्यात जाशील." ती विहिरीपाशी जाऊन बसायची. पाण्याला येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायची, तुझी चूल कुठली, तुझ्या जावेची वेगळी की तुझ्यातच. सकाळभरात पाड्यावरच्या एकूण एक चुलीची यादी व्हायची. मग त्या यादीतली दर पाचवी चूल. आवडती, ओळखीची, रस्त्याजवळची असा भेद नाही. यादी पुरी नसेल तर नमुना खरा नसतो, हे मला तिसऱ्या वर्षाला शिकवलं गेलं, तेव्हा मी ते आधीच विहिरीच्या कट्ट्यावर बघितलेलं होतं.

एखाद्या घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घेऊन मोकळं व्हायची सूट बहुतेक लोक स्वतःच घ्यायचे. आई घेत नसे. "जो घरात सापडतो तो निवांत," ती म्हणायची. "जो सापडत नाही तो कामाला गेलेला. सगळे निवांतच विचारले तर तुमच्या कंपनीला वाटेल डहाणूत कोणी कामच करत नाही." यासाठी ती वीटभट्टीवर गेली आहे, धाकट्या डहाणूला बोटी लागेपर्यंत खाडीवर बसली आहे.

२०१६ मध्ये मला त्याच कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात नोकरी लागली. पाहणीहून आलेले फॉर्म तपासायचे. रुजू होताना एक कागद भरायचा होता: फील्डवर काम करणाऱ्या कोणाशी नातं असल्यास कळवावे. मी 'नाही' लिहिलं.

कळवलं असतं तर मला दुसऱ्या विभागात बसवलं असतं, एवढंच. पण त्याच दुपारी डबा खाताना कोणीतरी फील्डवरच्या बायकांच्या बोलण्याची नक्कल केली होती. सगळे हसले होते, मीही हसले होते. आईला मी सांगितलं, नातं कोणाला सांगायचं नाही असा नियम आहे. नियम बरोबर उलटा होता.

"नियम आहे ना, मग नको सांगू," ती म्हणाली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. सतरा नंबरचे फॉर्म माझ्या पडद्यावर आले की मी ते शेजारच्या निर्मलाकडे देऊन टाकायचे. तेवढा एक प्रामाणिकपणा मी ठेवला होता.

पुढच्या वर्षी डहाणूच्या एका सभागृहात फील्डवरच्या लोकांचं प्रशिक्षण झालं. ऑफिसकडून शिकवायला मी गेले. कुटुंब कशाला म्हणायचं ते मी फळ्यावर लिहिलं: एका चुलीवर जेवणारी माणसं. तिसऱ्या ओळीत आई बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. तिने हात वर केला.

"मॅडम, एका छपराखाली दोन चुली असतील तर?"

"तर दोन कुटुंबं धरायची," मी म्हणाले.

"थँक्यू मॅडम."

आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. जे तिने मला शिकवलं होतं, ते. तिच्या शेजारच्या बाईला ते कळलं नव्हतं हे माझ्या नंतर लक्षात आलं. आईचा प्रश्न तिच्यासाठी होता. जेवणाच्या सुटीत मी ऑफिसच्या लोकांत बसले. संध्याकाळी मी गाडीतून निघाले तेव्हा ती फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होती. तिने हात केला नाही. शेजारच्या बाईला काहीतरी सांगून हसत होती.

आईचे दिवस करून मी ऑफिसात परतले तेव्हा निर्मलाने खुर्ची माझ्याकडे ओढली.

"आईचं ऐकलं. वाईट झालं गं." मग पडद्याकडे बोट करून म्हणाली, "बरी असशील तर एक दाखवते. तुमच्याच भागातलं आहे. सतरा नंबरचं."

पडद्यावर तलासरीकडचा एक पाडा होता. ऑक्टोबरमध्ये घरांची यादी झाली तेव्हा प्रत्येक घराची जागा नोंदवली होती. ते निळे ठिपके डोंगराच्या उतारावर विखुरलेले होते. फेब्रुवारीतल्या बारा फॉर्मांचे लाल ठिपके एकाच जागी दाटीने पडले होते, सगळ्यात जवळच्या घरापासूनही लांब, मोकळ्या शेतात.

"एका झाडाखाली बसून बारा भरले," निर्मला म्हणाली. "आणि शेऱ्यात काय लिहिलंय बघ. 'सगळी बाहेर'. म्हणजे घरं बंद होती हे स्वतःच कबूल केलंय. ती बाई नुकतीच वारली म्हणे, नाहीतर विचारलं असतं."

ते दोन शब्द आईने बोटाने एकेक अक्षर शोधून टाइप केले असतील. मला ती ओटीवर दिसली. म्हणजे लोक कुठे बसलेत ते तिकडे कोणाला तरी दिसणार. बरं झालं.

मी आमच्या विभागाच्या मनिष सरांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्यासमोर त्या दिवशी आणखी पाच जिल्ह्यांचं काम होतं.

"सर, तिकडे धक्के बसताहेत. लोक घराबाहेर राहतात. ठिपके घरावर पडणार कसे?"

"असेल. पण तिला आता विचारता येत नाही. बारा फॉर्म काढून टाकू आणि नंबर खोट्या फॉर्मांच्या यादीत टाकू. नियमच आहे तो."

"त्या यादीत गेला तर तिचं आधीचं सगळं काम बाद होतं."

"हो, बाद होतं. सातशेचा नमुना आहे, रविना. बाराने काय फरक पडतो?"

पाच वर्षं. चहाचे पुडे, वीटभट्ट्या, खाडीवरची वाट बघणं.

"फरक आकड्याचा नाही, सर. पाहणी दिव्यांची आहे. अख्ख्या नमुन्यात घर सोडून राहणारी माणसं फक्त या बारा फॉर्मांत आहेत. ती काढली की अहवालात सगळे आपापल्या घरात सुखरूप आहेत."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "परत-तपासणी करून घे. नविनला पाठव. पण खोटे निघाले तर पुन्हा विषय नको."

"मी बरोबर जाऊ?"

"तुला कशाला एवढं?"

"माझा भाग आहे," मी म्हणाले. तेवढंच म्हणाले.

परत-तपासणी म्हणजे दुसऱ्या माणसाने त्याच लोकांकडे जाऊन मोजके प्रश्न पुन्हा विचारायचे आणि उत्तरं जुळतात का ते बघायचं. नविन आमचा पर्यवेक्षक, उंबरगावकडचा, घरी गुजराती बोलणारा, बारीक मिशीचा, शंकेखोर माणूस. विवळवेढ्याच्या फाट्यावर, महालक्ष्मीच्या कमानीजवळ मी त्याच्या मोटरसायकलवर बसले तेव्हाच त्याने सांगून टाकलं, "मॅडम, मी बारा वर्षं हे करतोय. बारा ठिपके एका जागी म्हणजे शंभर टक्के खोटं. उगाच पेट्रोल."

"विचारायचं तुम्ही," मी म्हणाले. "मी फक्त बसणार आहे. मध्ये बोलणार नाही."

"तुम्हाला इकडची भाषा येते ना पण?"

"म्हणूनच."

पाडा रिकामा होता. दारं ओढून घेतलेली, एका भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग. नविनने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात खालच्या बाजूने कोंबडं आरवलं. आम्ही उतरून गेलो. भात कापलेल्या सपाट शेतात बांबू रोवून ताडपत्र्या ताणल्या होत्या. खाटा, हंडे, गाठोडी, दोरीवर कपडे. आणि तीन दगडांच्या चुली, एकमेकींपासून हातभर अंतरावर, रांगांमागून रांगा. पुढच्या रांगेतल्या मी मोजल्या. सतरा होत्या.

नविनने टॅब काढला. लाल ठिपके आमच्या पायाखाली होते.

सगळ्यात पुढे बायजी नावाची म्हातारी बसली होती, नाचणी पाखडत. नविनने कागद उघडला. "आजी, या महिन्यात तुमच्याकडे कोणी बाई आली होती? काही विचारायला?"

"आली होती की. दिव्याचं विचारायला."

"किती वेळ बसली?"

"माझी नाचणी संपेपर्यंत. अर्धी तिनंच पाखडली."

नविनने काहीतरी लिहिलं. "एकाच वेळी सगळ्यांना विचारलं का? घोळक्यात?"

यावर पलीकडच्या खाटेवरून काकड्या नावाचा माणूस उठून बसला. "घोळक्यात कसलं, साहेब! मी माझ्या बायकोचं उत्तर द्यायला लागलो तर मला उठवून त्या बांधावर पाठवलं. म्हणाली, भाऊ, तुमची पाळी आली की बोला."

"तुझी पाळी आली तेव्हा तरी खरं कुठं बोललास," बायजी म्हणाली.

"बोललो की!"

"दोन दिवे आहेत म्हणालास. ती म्हणाली, आणून दाखवा. मग डोकं खाजवत बसला."

सगळे हसले. नविनने कागदावरून बोट फिरवलं. काकड्याच्या फॉर्मात दिवे: एक. शेवटच्या मोकळ्या प्रश्नावर त्याने बायजीला अडवलं. "दिवा कसा असावा, असं विचारलं होतं. तुम्ही काय सांगितलंत, आठवतं?"

"त्यात आठवायचं काय? एका हातानं उचलून बाहेर पळता आलं पाहिजे. दुसऱ्या हातात नातू असतो."

नविन थांबला. आईने फॉर्मात ते वाक्य जसंच्या तसं, नातवासकट लिहिलं होतं. बाजूला हंड्यावरची झाकणी किणकिणली. जमीन पायाखाली बारीकशी थरथरली आणि शांत झाली. बायजीचं सूप थांबलंसुद्धा नाही.

नविनने बाराच्या बारा घरांना विचारलं. दोन तास लागले. मी एका उलट्या पाटीवर बसून होते आणि एक शब्द बोलले नाही. शेवटी त्याने तपासणीचा कागद मांडीवर घेतला, 'सर्व फॉर्म खरे' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि टॅबवरून पाठवूनही दिलं.

"बारा वर्षांत असं काम नाही बघितलं," तो म्हणाला. "प्रत्येक ताडपत्रीत वेगळं बसून. मी असतो तर सगळ्यांना एकत्र बसवून अर्ध्या तासात उरकलं असतं."

तेव्हा बोटीवरच्या कामाने रापलेला एक माणूस पुढे आला. "साहेब, माझं राहिलं ना. मी तुक्या. ती दोनदा येऊन गेली, मी धाकट्या डहाणूला होतो. सोमवारी येते असा निरोप ठेवला होता तिनं. मी सोमवारी बोटीवर गेलो नाही. दिवसभर इथं बसलो."

"हो, आली कशी नाही ती?" बायजीने विचारलं. "मी तिच्यासाठी नाचणी बांधून ठेवलीय."

नविनने टोपी काढली. "ती बाई गेली, आजी. त्याच सोमवारी."

बायजीचं सूप आता थांबलं. तुक्या खाली बसला.

"तिच्यामागं कोण आहे?" बायजीने हळूच विचारलं.

नविनने नकळत हातातले कागद चाळले. "आमच्याकडे तशी काही नोंद नाही, आजी."

मी पाटीवरून उठले.

"मी आहे," मी आमच्या पाड्याच्या बोलीत म्हणाले. नविनने मान वर केली. मग त्यालाही कळावं म्हणून मी मराठीत बोलले, मोठ्याने, त्या सतरा चुलींपर्यंत ऐकू जाईल असं. "सतरा नंबर म्हणजे बुधीबाई. ती माझी आई. मी ऑफिसात हे कधी सांगितलं नाही. मला जे काम येतं ते तिने मला शिकवलंय."